सातचं इंजिन, आठची गाडी

रविवारी संध्याकाळी बाबा आणि काका एकमेकांशी बोलले. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने आणि पूर्ण वाक्यांत बोलले. पण असं काही झालेलंच नाही, असं दोघांचंही ठाम म्हणणं आहे आणि मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. तेव्हा आपणही ते झालेलं नाही असं धरून चालू. बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारची सकाळ आहे, आणि खाली पार्किंगमध्ये दोन मोटरसायकली धुतल्या जातायत.

या दोन्ही मोटरसायकली छोट्या, एकाच कंपनीच्या, एकाच तपकिरी रंगाच्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या. बाबा आणि काका सख्खे भाऊ. एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात. गाड्या पाठोपाठच्या असल्यामुळे नंबरही पाठोपाठचे आले. बाबांच्या इंजिनाचा नंबर सातवर संपतो, काकांचा आठवर. चासीचं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचंही तसंच. बाबा मोठे म्हणून सात त्यांचा आणि आठ काकांचा. यावर कधी वाद झाला नाही.

वाद झाला तो चेनवरून. गाड्या नव्या असतानाच्या एका रविवारी बाबा म्हणाले, चेन रॉकेलने धुवावी. काका म्हणाले, डिझेलने. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. आमच्या घराण्यात जमिनीवरून कधी कुणी भांडलं नाही, कारण जमीन नाही. जे आहे त्यावरच भागवावं लागतं.

बोलणं थांबलं, पण रविवार थांबला नाही. पार्किंगमध्ये नळ एकच. त्याच्या अलीकडे बाबा, पलीकडे काका. बाबांनी प्लग काढून घासला की काकांचाही प्लग निघतो. काकांनी ब्रेक घट्ट केला की बाबाही करतात. एकदा बाबांना नुसती शिंक आली, तर काकांनी एअर फिल्टर उघडला. मागे बाबांनी एकदा अख्खं इंजिन उतरवून मोठं काम काढलं होतं, तेव्हा त्याच आठवड्यात काकांनीही उतरवलं. दोन्ही इंजिनं एकाच जुन्या चादरीवर शेजारी शेजारी पसरली होती आणि दोघं भाऊ एकमेकांना पाठ करून बसले होते.

मी मधे उभा राहतो आणि निरोप देतो. "तुझ्या काकाला सांग, नळ बंद कर म्हणावं." "तुझ्या बाबांना सांग, बादली भरू दे." माझी पदवी झालेली आहे. सध्या मी याच कामावर आहे.

दोघांच्या सफाईत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. काका जुन्या टूथब्रशने इंजिनाची फट न् फट घासतात. त्यांच्या इंजिनात बघून भांग पाडता येतो. बाबा बाकी सगळं पुसतात, पण इंजिनाच्या खालच्या बाजूला तळहाताएवढा तेल-मातीचा काळा थर मुद्दाम ठेवतात.

"इंजिनाला थोडा मळ लागतो," ते म्हणतात. "माणसाला नाही का लागत?"

"माणसाला आंघोळ लागते," आई म्हणते.

त्या रविवारी मात्र मळाचे दिवस भरले होते. ताईला पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली होती. गावाबाहेरच्या टाक्यांवर पहाटे जायचं, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे आणि प्रयोगशाळेत आणून द्यायचे. अट एकच : स्वतःच्या नावावर वाहन हवं. ताईने इतक्या मुलाखती दिल्या होत्या, की शेवटी शेवटी तीच त्या लोकांना "बसा ना" म्हणायला लागली होती. ही पहिली नोकरी, जिथे समोरच्याने "कळवतो" न म्हणता "मंगळवारी या" म्हटलं. बाबांनी आपली मोटरसायकल तिच्या नावावर करून द्यायचं कबूल केलं. सोमवारी सकाळी वाहन कार्यालयात पहिलीच वेळ मिळाली होती. ती चुकली असती तर पुढची वेळ पुढच्या महिन्यात, आणि मंगळवार काही पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार नव्हता.

बाबांची अट होती, की सर्व्हिसिंग केल्याशिवाय गाडी देणार नाही. मुलीला सासरी पाठवताना करत नाहीत इतकी तयारी सकाळपासून चालली होती. तेल बदललं, चेन धुतली (रॉकेलने, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात), क्लचच्या केबलमध्ये थेंब थेंब तेल सोडलं.

ताई हातात कागद आणि पेन्सिल घेऊन खाली आली.

"उद्या साहेब इंजिनाच्या आणि चासीच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासणार आणि ठसा घेणार," ती म्हणाली. "आज एकदा करून बघते. नंबर कुठाय इंजिनावर?"

बाबांनी त्या काळ्या थराकडे बोट केलं. नंबर त्याखाली होता.

"बाबा, काढावा लागेल तो."

"सगळा?"

"मग काय, अर्धा नंबर दाखवू?"

तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि थर खरवडायला लागली. घरातल्या माणसाचं ऑपरेशन चालू असावं तसे बाबा बाजूला उभे होते. खपल्या पडल्या. ताईने रॉकेलच्या फडक्याने जागा पुसली, कागद लावला, पेन्सिल घासली आणि कागद उजेडात धरला.

"बाबा, आपला शेवटी सात ना?"

"सात." बाबांनी अख्खा नंबर पाढ्यासारखा म्हणून दाखवला. त्यांना आमचे वाढदिवस विचारल्यावर आठवतात, इंजिन नंबर न विचारता.

"इथे आठ आहे."

"मळ असेल."

"मळ काढलाय."

"मग जास्त काढला असशील."

बाबा खाली वाकले. त्यांनी बोटाने आकडा चाचपला, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. मग ते जिथे होते तिथेच, धुण्याच्या पाण्यात, मांडी घालून बसले. त्यांची पॅन्ट भिजत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला तर तोंड मिटायचं सुचेना. कॉलेजात असताना एकदा परीक्षेला गेल्यावर कळलं होतं की पेपर आदल्या दिवशी झाला. तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच वाटलं.

नळापलीकडे काकांचा टूथब्रश थांबला होता.

"तुझ्या काकाला विचार," बाबा कसेबसे म्हणाले, "त्याच्या इंजिनावर शेवटी काय आहे."

मी वळलो. काकांनी माझी वाट पाहिली नाही. "तुझ्या बाबांना सांग, सात आहे. मला दिसलं तेव्हापासून सातच आहे."

"विचार त्याला, कधी दिसलं?"

"सांग, झाली वर्षं. मी घासतो, मला दिसतं."

"मग विचार त्याला," बाबांचा आवाज चिरकला, "इतकी वर्षं बोलला का नाही?"

काकांनी टूथब्रशचे केस बोटाने सरळ केले.

"बोललो असतो तर बोलल्यासारखं झालं असतं," ते म्हणाले.

यावर काय निरोप द्यायचा ते मला कळेना. जिन्याच्या पायरीवर काकू आणि आई बसल्या होत्या. त्या दोघींचं काहीच बिनसलेलं नाही, त्या रोज बोलतात, कधी कधी दुपारभर. काकू उठून उभी राहिली.

"अहो, मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"तू वहिनीला सांगितलं असतंस."

"लगेच!" काकू म्हणाली. तिला यात चूक काय तेच कळलं नाही.

बाबांनी पाण्यात बसल्या बसल्याच निकाल दिला. इंजिनं तेव्हा, त्या मोठ्या कामात, एकाच चादरीवर होती. तिथेच अदलाबदल झाली. दुसरं काय? आता दोन्ही उतरवायची आणि आपापल्या गाडीत बसवायची. अख्खा दिवस पडलाय.

"आधी चासीचा नंबर पण बघू या का?" ताई म्हणाली. तो नंबर हँडलच्या खाली, गाडीच्या मानेवर कोरलेला असतो. केबलींनी घासू नये म्हणून बाबांनी तिथे कापड गुंडाळून सुतळीने बांधलेलं. काकांनी त्यांच्या गाडीच्या मानेला गंज लागू नये म्हणून रंगाचे इतके हात दिलेले, की नंबर तळाशी गेलेला.

"चासी म्हणजे सांगाडा," बाबा म्हणाले. "सांगाडा कसा बदलेल? उगाच माझी गाठ सोडू नकोस."

"तुझ्या बाबांना सांग," काका म्हणाले, "याबाबतीत त्यांचं बरोबर आहे. चासी बदलत नसते."

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आम्ही सगळे असे भारावलो की पुढे कुणी काही तपासलंच नाही.

इंजिन उतरवणं म्हणजे सायलेन्सर काढा, चेन काढा, कार्ब्युरेटर सोडवा, तारा सोडवा आणि मग बोल्ट. छोट्या गाडीचं इंजिनही एकट्याने उचलू नये एवढं जड असतंच. काकांच्या गाडीतलं सात नंबरचं इंजिन निघालं. एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने काका, आणि मी मधे निरोपाला.

"त्याला सांग, डावीकडे घे."

"काका, डावीकडे घ्या."

"सांग, माझी डावी का त्यांची?"

"बाबा, कुणाची डावी?"

एवढ्यात काकांचा तेलकट हात निसटला. निरोपाला वेळच नव्हता.

"दादा, सुटतंय!"

"अरे धर ना गाढवा!"

इंजिन हवेत थांबलं. दोघंही थांबले. पायरीवरून आईच्या हातातली वाटी घरंगळत खाली आली आणि नळापाशी येऊन निजली. बाबा आणि काका दोघंही माझ्याकडे बघत होते, जसं काही ते मीच बोललो.

"मी इंजिनाला म्हणालो," काका म्हणाले.

"विचार त्याला, इंजिनाला दादा म्हणतो का?"

"सांग, सात नंबरचं आहे. माझ्यापेक्षा मोठंच की."

"आणि मी," बाबा म्हणाले, "हाताला म्हणालो. गाढव."

मी दोन्ही निरोप पोचवले. कुणीच ते घेतले नाहीत.

जेवणं उभ्याउभ्याच झाली. ऊन भिंतीवर चढलं तोवर सात नंबरचं इंजिन बाबांच्या गाडीत आणि आठ नंबरचं काकांच्या गाडीत बसलं. बाबांनी किक मारली. पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली, आणि असा आवाज आला की बाबा घाबरून मागे सरले. म्हणजे, आवाज आलाच नाही. नुसती संथ, एकसारखी गुणगुण. बाबांनी इंजिनावर तळहात टेकवला.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "माझं असं चालत नव्हतं कधी."

"तुझ्या बाबांना सांग," काका आपल्या गाडीकडे बघत म्हणाले, "दादाचं आहे हे माहीत होतं. म्हणून तेल जरा लवकर बदलायचो."

हा निरोप मी दिला नाही. तो आधीच पोचला होता. बाबा भिंतीकडे तोंड करून एक स्वच्छ पाना बराच वेळ पुसत राहिले. काकांच्या गाडीने मधेच खोकून धूर सोडला.

"त्याला सांग," बाबा भिंतीलाच म्हणाले, "त्या इंजिनाला मळाची सवय झालीय. सुटेल हळूहळू."

आणि माणसाला असं भरून आलं की तो काय करतो? शेवटचा बोल्ट घट्ट करतो. बाबांनी पान्यावर सगळं वजन टाकलं. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारा मुख्य बोल्ट "कट्ट" असा वाजला आणि मग लोण्यात फिरावा तसा नुसता फिरत राहिला. ना आत, ना बाहेर.

"आटे गेले," काका हळूच म्हणाले.

"गेले तर गेले," बाबा म्हणाले. "आता हे इंजिन जन्मात बाहेर निघत नाही." हे ते अभिमानाने म्हणाले होते.

ताईने कागद घेतला. आता फक्त चासीचा ठसा राहिला होता. तिने बाबांची गाठ सोडली, कापड उलगडलं, पेन्सिल घासली. तिने तो ठसा दोनदा वाचला. कागद घेऊन काकांच्या गाडीपाशी गेली, पटाशीच्या टोकाने मानेवरचा रंग खरवडला आणि तिथलाही ठसा घेतला.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मलाच भीती वाटली. "आपल्या चासीवर आठ आहे. काकांच्या चासीवर सात."

कुणाला काही कळलं नाही. मला तर नाहीच.

"सकाळी आपल्या गाडीचं इंजिन आठ होतं. चासीही आठ होती," ताई लहान मुलांना सांगावं तसं एकेक सांगत गेली. "म्हणजे ती अख्खी गाडीच काकांची होती. आणि त्यांची अख्खी आपली. इंजिनं बदललीच नव्हती कधी. फक्त नंबराच्या पाट्या चुकीच्या गाड्यांना लागल्या होत्या. एका पाटीला दोन स्क्रू. सगळं बरोबर होतं सकाळी. आता नाहीये."

काका हळूहळू खाली बसत गेले. बाबा उभेच होते, पण त्यांच्याकडे बघून वाटत होतं की आतून ते केव्हाच बसले.

"पण पाट्या बदलतील कशा?" बाबा म्हणाले. "आपल्या हाताने काढल्या होत्या आम्ही. रंगवायला. त्याच दिवशी, चेनच्या दिवशी. भांडण झालं, प्रत्येकाने आपापली पाटी उचलली आणि आपापल्या गाडीला लावली."

"समोर उभी होती तिला," आई म्हणाली.

सगळ्यांनी पायरीकडे बघितलं.

"म्हणजे," आई काकूकडे बघत म्हणाली, "तुम्ही वर भांडत होतात ना, तेव्हा आम्ही गाड्या हलवल्या होत्या. गाद्या वाळत घालायच्या होत्या इथे."

"मग परत ठेवल्या नाहीत?" बाबा किंचाळले.

"ठेवल्या की," काकू म्हणाली. "जिथे जागा होती तिथे. चाव्या गाडीलाच होत्या. आणि सारख्याच तर दिसतात मेल्या."

इथे ते झालं, जे झालेलं नाही.

"चार स्क्रूंचं काम होतं!" बाबा काकांवर ओरडले. थेट, मधे कुणी नाही. "चार स्क्रू! तुला सात दिसला तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"आणि तू एकदा तरी इंजिन घासून बघायचंस! मळ लागतो म्हणे!"

"तू मानेवर रंग थापलास! भिंत आहे का ती?"

"तू तर पट्टी बांधलीस! काय मोडली होती मान?"

"आणि चेन रॉकेलनेच धुतात!"

"दादा, डिझेलनेच!"

तिथून ते लहानपणच्या एका सायकलवर गेले, मग एका फुटलेल्या कंदिलावर, मग कुणाला शाळेत कुणामुळे मार पडला त्यावर. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, मधे श्वासही घेत नव्हते. काकू डोळे पुसत होती. आई म्हणाली, "किती छान वाटतंय ना ऐकायला."

मला मात्र ताई दिसत होती. ती दोन गाड्यांच्या मधे उभी होती, एका हातात आठचा कागद, एका हातात सातचा. तिने पाना उचलला आणि त्या मुख्य बोल्टला लावला. बोल्ट फिरला. ती फिरवत राहिली. तो फिरतच राहिला.

"उद्या सकाळी पहिली वेळ आहे," ती म्हणाली. "परवा रुजू व्हायचंय."

भांडण मधल्या मधे तुटलं. बाबा येऊन बोल्टशी झटले. मग काका. मग दोघं एकाच पान्यावर, चार हातांनी. बाबांच्या कमरेत काहीतरी लचकलं आणि ते तसेच काटकोनात राहिले. रविवार असल्यामुळे वर्कशॉपं बंद होती. काकांनी ओळखीच्या तीन मिस्त्रींना फोन लावले. एक बाहेरगावी होता, एकाने उचलला नाही, आणि एकाला सगळं सांगितल्यावर तो इतका हसला की फोनच कट झाला.

"तू माझी गाडी घेऊन जा, चिमणे," काका ताईला म्हणाले.

"तुमची कुठली, काका?"

काकांनी एकदा इकडे बोट केलं, एकदा तिकडे, आणि मग ते बोट खिशात घातलं.

"साहेबांना नीट समजावून सांगू," बाबा काटकोनातून म्हणाले. "साहेबही माणूसच असणार."

"दादा, लिहून देऊ," काका म्हणाले. "लिहिलेलं असलं की वजन पडतं."

ताई चाकाला टेकून खाली बसली. आधी वाटलं रडतेय. मग वाटलं हसतेय. तिलाही नक्की ठरवता येत नसावं. तिने सात आणि आठचे दोन्ही कागद उलटे करून माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "लिही. पदवी आहे ना तुझी."

मी लिहिलं. बाबांनी आणि काकांनी आळीपाळीने सांगितलं, आई आणि काकूने शुद्धलेखन बघितलं, ताईने सही केली.

प्रति,
माननीय वाहन निरीक्षक साहेब,

विषय : मोटरसायकल माझ्या नावावर करून मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त वाहनाची पाटी माझ्या वडिलांची, इंजिन माझ्या वडिलांचे व सांगाडा माझ्या काकांचा आहे. याच धर्तीवर दुसऱ्या वाहनाची पाटी व इंजिन काकांचे असून सांगाडा वडिलांचा आहे. दोन्ही वाहने सुस्थितीत असून त्यांची साफसफाई दर रविवारी नियमितपणे केली जाते. इंजिन व सांगाडा यांना जोडणारा बोल्ट कोणत्याही दिशेने निघत नसल्याने सदर वस्तुस्थितीत बदल करणे अर्जदारास शक्य नाही. अर्जदारास मंगळवारी पहाटे पाण्याच्या टाकीवर हजर राहणे बंधनकारक आहे.

तरी सदर दोन मोटरसायकली मिळून एकच मोटरसायकल व सदर दोन भाऊ मिळून एकच मालक समजण्यात यावा. तसा नियम अस्तित्वात नसल्यास तो आजच्या आज तयार करून, दोन्ही गाड्या घेतल्या त्या तारखेपासून लागू करण्यात यावा, आणि उद्या सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी अर्जदारास तसे लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.